जुनी खुर्ची, जुने लुगडे

उल्हास नदी आपली शेजारीण. ती सह्याद्रीतून निघते. कर्जत, बदलापूर, कल्याण अशी गावे मागे टाकीत वसईच्या खाडीकडे जाते. एरवी गरीब. पण पावसाळ्यात तिचा नेम नाही.

२०१९ सालच्या २६ जुलैची रात्र. मुंबईहून कोल्हापूरला महालक्ष्मी एक्सप्रेस निघाली होती. बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये, चामटोलीजवळ, ती पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या, हेलिकॉप्टर आले. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. सुमारे १,०५० माणसे सुखरूप बाहेर निघाली. ही गोष्ट सगळ्यांनी वाचली.

पण पूर आला की आणखी एक गोष्ट घडते. ती कोणी छापत नाही. पाणी घरात शिरते. ओसरले की घरधनीण दारात उभी राहते. खुर्ची चिखलाने माखलेली, खाट भिजलेली. मुलगा म्हणतो, "आई, फेकून दे हे. हप्त्यावर नवं आणू." आई गप्प बसते. हप्ता कोण फेडणार, हे तिला ठाऊक असते.

मंडळी, अशा वेळी घाई करू नये. आधी पारख करावी. पातळ थरांचे किंवा भुशाचे फळकूट पाण्याने फुगते. ते वाचत नाही. गादीत पुराचे पाणी मुरले असेल, तर तिचा मोह सोडा. आतला कापूस पुन्हा वापरू नका. पण सागाची, बाभळीची भरीव खुर्ची सहसा वाचते.

प्रथम चिखल धुवा. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका. त्या पाण्यातून लेप्टोचा रोग होतो. साबणाच्या पाण्याने लाकूड घासा. मग सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात लाकूड तडकते. वाळायला कित्येक दिवस लागतात. लाकूड ओले असताना वर कापड घातले, तर बुरशी धरते. म्हणून धीर धरा. वाळल्यावर सांधे हलवून पाहा. ढिला असेल तर सुतारदादाकडून आवळून घ्या.

आता पेटी उघडा. आजीचे जुने सुती लुगडे असेलच. धुऊन धुऊन ते मऊ झालेले असते. ते गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा.

आता थोडा हिशेब करू. खुर्चीची बैठक १६ इंच लांब, १६ इंच रुंद आहे असे धरा. शिवणीसाठी चारी बाजूंनी एक-एक इंच जास्त. म्हणजे तुकडा १८ इंचांचा. लुगडे नऊ वार, म्हणजे ३२४ इंच. पन्हा सुमारे ४५ इंच. लांबीत १८ तुकडे बसतात, पन्ह्यात दोन. सगळे मिळून ३६ झाले. निम्मे लुगडे विरलेले असले, तरी १८ तुकडे मिळतात. एका आसनाला आठ थर लावले, तर दोन आसने होतात. दोन तुकडे उरतात. त्यांच्या नाड्या करा.

धड तुकडे वर आणि खाली ठेवा. थोडे विरलेले मध्ये घाला. कडा आत दुमडा. मग गोधडीला घालतो तसा धावदोरा घाला. टाके बारीक, ओळी जवळ जवळ. कर्नाटकात हल्याळ भागातल्या सिद्दी बाया कवंदी शिवतात. त्या काठापासून सुरुवात करून मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले लावतात. आपणही तसे करून पाहावे. चारी कोपऱ्यांना नाड्या लावून आसन खुर्चीला बांधा. खिळे मारू नका. नाडी सोडली की आसन धुता येते, आणि ढेकणांना घर मिळत नाही.

पत्र्याची जुनी पेटी आहे? गंज घासून काढा, वर गोधडी घाला. बसायला बाक झाला. पाटावरही असेच आसन घाला.

आम्ही असे म्हणत नाही की नवी वस्तू घेऊच नये. पण पुरानंतर घरात पैसा कमी असतो. तो आधी बियाण्याला, पुस्तकांना, औषधाला लागतो. आणि आजीचे लुगडे? ते पेटीत कुजण्यापेक्षा नातवाच्या खाली आसन होऊन राहिले, तर आजी घरातच आहे असे वाटते.

प्रश्न
१. ओल्या लाकडावर कापड का घालू नये?
२. तुमच्या खुर्चीची बैठक दोरीने मोजा. तुकडा किती इंचांचा लागेल?
३. आसनाला नाड्या का लावायच्या?
४. तुमच्या घरात कोणती वस्तू फेकायची राहिली आहे? तिचे काय करता येईल, ते चार ओळींत लिहा.