रक्त: विकायचे की द्यायचे?



‘अमेरिकेत प्लाझ्मा दिला की पैसे मिळतात, मग आपण रक्त फुकट का द्यायचे?’ असा प्रश्न तरुण मुले विचारतात.

प्लाझ्मा म्हणजे रक्तातील पिवळसर द्रव. यंत्राने तो वेगळा काढून तांबड्या पेशी दात्याला परत देतात. म्हणून तेथे तो आठवड्यातून दोनदाही देता येतो. संपूर्ण रक्त मात्र आठ आठवड्यांनीच. या प्लाझ्मापासून हिमोफिलियासारख्या आजारांवर औषधे बनतात. तेव्हा गरजेपोटी प्लाझ्मा देणाऱ्याला आपण कमी लेखू नये.

परंतु पैशांची निकड असली की स्वतःचा आजार लपविण्याचा मोह होतो आणि त्याची झळ रुग्णाला बसते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली.

याचा अर्थ, आपल्याकडे रुग्णाला मिळणारे रक्त कोणाच्या तरी प्रेमावरच अवलंबून आहे. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

घरी विचार करू या: मागच्या वेळी मी रक्त कधी दिले होते?