बरी झाले की नाचेन

सेरेब्रल पाल्सीबद्दल डॉक्टर आईबापांना समजावून सांगतात. मुलाला कुणीच काही सांगत नाही. मग मूल आपल्या परीने अर्थ लावतं. धारवाडमध्ये वाढणाऱ्या माझ्या लेकीने कोणता अर्थ लावला, ते इतर पालकांना वेळेवर कळावं म्हणून लिहिते आहे.

गॅदरिंगच्या तालमीत बाईंनी मायेनेच तिला कडेच्या खुर्चीत बसवलं. घरी येऊन ती म्हणाली, "आई, मी बरी झाले की नाचेन ना?" व्यायामाच्या वेळी ऐकलेलं "लवकर बरी होशील", आज्जीने सोमेश्वराला बोललेला नवस, बसमधलं कीव करणारं "अय्यो पाप" या साऱ्यातून तिला समजलं होतं की खरी ती अजून यायची आहे.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण जातही नाही. व्यायामाने हालचाल सोपी होते, म्हणून तो हवाच. मात्र बरं होण्याचं आमिष दाखवून नको. "तुझ्या मेंदूचे निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून तू वॉकर घेतेस," एवढं चार वर्षांच्या मुलालाही कळतं. बसमध्ये कुणी विचारलं तर उत्तर मुलाला देऊ द्या. द्यायचं नसेल तर नको.

आणि अडतं कुठे, ते दाखवा. आमच्या धारवाडच्या चिगरी बसचा फलाट दाराच्या पातळीला असतो. तिथे माझी लेक वॉकरसह स्वतः चढते. शाळेच्या पायऱ्यांशी उचलावं लागतं. पाय तेच! शाळेकडे रॅम्प मागताना, नाच बसवतानाच तिची जागा ठरवा म्हणताना संकोच नको. मुलाच्या गरजेनुसार सोय करणं हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेचं कर्तव्य ठरवलं आहे.

आमच्याकडे अशा मुलांना दाखला देतात तो गदगच्या दृष्टिहीन गायक पुट्टराज गवईंचा. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण पोरीवर एवढं थोर होण्याचं ओझं कशाला? मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या लेकीने, मालिनी चिबने, पुढे एका बोटाने टाइप करून आत्मकथा लिहिली. ही गोष्ट मी लेकीला सांगतेच. पण रोजच्या ओळखीतलंही कुणी हवं. फिजिओथेरपीच्या बाकावर शेजारी बसणाऱ्यांशी बोला, फोन नंबर घ्या. आम्हाला तिथेच कॉलेजात जाणारी एक ताई भेटली. बूट कोणते घेतेस, पावसात वॉकर घसरतो का, असले प्रश्न लेक आता थेट तिलाच विचारते.