दूरचे भिंग आणि अंतरमापक कॅमेरा

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून दूरच्या एखाद्या सज्जाचे छायाचित्र घ्यावे, तर साध्या कॅमेऱ्यात तो तिळाएवढा उमटतो. पुढे सरकावे तर गर्दी आडवी येते. ही अडचण कशी सुटली, ते आपण पाहू.

लाला दीनदयाळ यांनी घेतलेली ग्वाल्हेरची छायाचित्रे १८८६ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. दूरच्या भिंगाला व्यवहारोपयोगी रूप मिळाले ते त्यानंतर, १८९१ मध्ये. इंग्लंडात टॉमस डालमायर आणि जर्मनीत मीथे व स्टाइनहाइल यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले.

यामागील गणित सोपे आहे. वस्तूच्या उंचीला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणून वस्तूच्या अंतराने भागले, की प्रतिमेची उंची मिळते. ३० मीटर उंचीची इमारत १ किलोमीटरवर असेल, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाने तिची प्रतिमा १.५ मिलिमीटर होते; १३५ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे ४ मिलिमीटर. परंतु नाभीय अंतर वाढले की नळीही लांबते. म्हणून खऱ्या दूरभिंगात पुढे बहिर्गोल व मागे अंतर्गोल भिंगांचा गट योजतात. त्यामुळे नळी नाभीय अंतराहून आखूड राहते. जुन्या लांब भिंगांपैकी सर्वच काही अशी नसतात.

१९३२ मध्ये लायका आणि काँटॅक्स या जर्मन कॅमेऱ्यांत अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्यापुढे दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकरूप केल्या, की वस्तू नेमकी स्पष्ट उमटते. मात्र या खिडक्यांमधील अंतर थोडे असते. भिंग जितके लांब, तितकी मापनातील अल्प चूकही ठळक होते. म्हणून अशा कॅमेऱ्यांवर बहुधा १३५ मिलिमीटर हीच मर्यादा मानली गेली. त्यापुढील भिंगांसाठी आरशाची पेटी जोडीत. १९५० मध्ये डेव्हिड डग्लस डंकन यांनी कोरियाच्या युद्धात जपानी निक्कोर भिंगे वापरली आणि त्या भिंगांची कीर्ती जगभर झाली.

दूरच्या भिंगाने बाजारातील पाट्या एकमेकींवर रेलल्यासारख्या दिसतात. हा भिंगाचा चमत्कार नव्हे. आपण दूर उभे असतो, म्हणून तसे दिसते. त्याच जागेवरून साध्या भिंगाने घेतलेल्या चित्राचा मधला भाग मोठा केला, तर तीच रचना आढळेल. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

जुने भिंग घेताना ते उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे आहे काय, ते पाहावे. पावसाळी दमटपणाने ती वाढते. मग मोजपट्टी तिरपी ठेवून एका आकड्यावर प्रतिमा जुळवावी व चित्र घ्यावे. दुसराच आकडा स्पष्ट आला, तर भिंग व अंतरमापक यांचा मेळ बिघडला आहे असे समजावे.

५० च्या जागी १३५ चे भिंग लावले, तर दृश्य २.७ पट मोठे होते आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. म्हणून झडपेचा वेग सेकंदाच्या १२५ व्या भागाहून मंद नसावा, किंवा तिपाईचा आधार घ्यावा. दूरचे पाहू इच्छिणाऱ्याने आधी आपला हात स्थिर करावा, हेच या अभ्यासाचे सार होय.