थंडीत तांबे का अडून बसते?

प्रश्न : मी घरीच सर्किट बोर्ड तयार करायला नुकताच शिकतो आहे. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर पर्मनंट मार्करने रेघा काढतो आणि तो फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतो. मे महिन्यात काम झटपट झाले. जानेवारीत मात्र तास उलटला तरी मधले तांबे जागचे हलेना आणि कडेच्या रेघा कुरतडल्या गेल्या. ॲसिड कमी पडले का? आणखी पावडर घालू का?
– एक वाचक, लखनौ

उत्तर : पावडर तूर्त डब्यातच राहू द्या. मध्ये तांबे जात नाही आणि कडेला नको तितके जाते, या तक्रारी उलट्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हे द्रावण आम्लधर्मी असते खरे, पण तांबे ॲसिडने ‘जळत’ नाही. नुसत्या हायड्रोक्लोरिक ॲसिडला तांबे फारशी दाद देत नाही. खरे काम करते ते द्रावणातले लोह. ते तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि तांबे क्षाररूपाने विरघळते. मार्करच्या शाईखाली द्रावण पोचत नाही, म्हणून तेवढे तांबे शाबूत राहते.

ही क्रिया उष्णतेने वेग घेते. लखनौत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर जानेवारीच्या रात्री तो दहाच्याही खाली येतो. म्हणजे द्रावण तेच असले तरी चाल मंदावणारच. त्यात पावडर वाढवली तर द्रावण पाकासारखे दाट होते आणि ताजे द्रावण तांब्यापर्यंत पोचायला उलट उशीर लागतो.

आता कुरतडलेल्या रेघा. बोर्ड स्थिर ठेवला की मधल्या भागावर वापरलेले द्रावण साचून राहते. कडांना ताजे द्रावण मिळते, म्हणून तिथले काम आधी उरकते. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास. तो संपला की द्रावण शाईखाली आडवे शिरते. तुम्ही मधल्या भागासाठी थांबता, तेवढ्या वेळात कडेच्या रेघा बारीक होतात.

तेव्हा प्लास्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवा. द्रावण ४० ते ४५ अंशांवर आले की पुरे. ते थेट गॅसवर तापवू नका, त्याच्या वाफा त्रासदायक असतात. ट्रे सतत हलका डोलवत राहा. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकघरातले स्टीलचे भांडे मात्र घेऊ नका, कारण हे द्रावण स्टीललाही खाते.

वापरलेले द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरून, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा; ते पुन्हा वापरता येते. निकामी झाले तरी मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेले तांबे माशांना घातक असते आणि नाल्यांची वाट शेवटी गोमतीकडेच जाते. ती बाटली घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या.