फोटोतली मोटार ओळखायची तर

बाळा, कुंडलातल्या घराघरांतले जुने फोटो तू गोळा करतोयस, फार चांगलं करतोयस. पण फोटोत मोटार दिसली की लगेच नाव सांगून मोकळा होऊ नकोस. घरातले म्हातारे ‘शेवरलेट होती’ म्हणतील. ते लिहून घे, पण तिथंच थांबू नकोस. मीही एकदा असंच ऐकून पाकिटावर ‘शेवरलेट’ लिहिलं. वर्षभरानं भिंग लावलं, तर रेडिएटरखाली पाटा आडवा!

तर आधी पुढच्या चाकांच्या मधे बघ. कमानपाटा बैलगाडीच्या जुवासारखा आडवा, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडं गेलेला असेल, तर मोटार बहुधा फोर्डची. टी मॉडेल आणि त्यानंतरचं ए मॉडेल, दोन्हींची हीच खूण. शेवरलेटचे पाटे दोन्ही बाजूंना, मोटारीच्या लांबीत बसवलेले असतात. आता टी की ए? टीची चाकं बहुतेक लाकडी, १२ आऱ्यांची. एला तारांचे आरे, आणि पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं, म्हणून झाकण तिथं वर दिसतं. टी १९०८ ते १९२७ निघाली. तिचं रेडिएटरचं कवच काळं दिसलं, तर ती १९१७ किंवा त्यानंतरची.

बिल्ल्यावर आणि बॉडीवर विसंबू नकोस. बिल्ला निघतो, दुसरा बसतो. बॉडी तर सुतारानं नवी बांधलेली असू शकते. चाक, पाटा, रेडिएटर एवढ्या सहजी बदलत नाहीत.

स्टिअरिंग डावीकडं दिसलं, तर पहिला संशय फोटो उलटा छापल्याचा घे. माणसांचे शर्ट बघ, बटणं कुठल्या बाजूला आहेत ते. कुठं पाटी असेल तर अक्षरं वाच. स्टुडिओतली मोटार असेल तर चाकाखाली सावली शोध. पडद्यावर रंगवलेल्या मोटारीची सावली जमिनीवर पडत नाही.

मोटारीचं वय आणि फोटोचं वय वेगळं ठेव. नंबरपाटीवर एमएच १० असेल, तर मोटार कितीही जुनी असो, फोटो १९८९ च्या आधीचा नाही.

अमेरिकेतल्या जुन्या शर्यतीच्या मोटारींचे फोटो बघायला लागलास की हेच कामाला येईल. तिथं मडगार्ड, दारं, टप काहीच नसतं, नुसता सांगाडा आणि रंगवलेला आकडा. बसलेली माणसं मोज. १९११ च्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत बाकीच्या मोटारींत चालकाशेजारी मेकॅनिक असायचा. ३२ नंबरच्या मार्मन वास्पमध्ये रे हॅरून एकटा होता, आणि जिंकलाही तोच. १९२३ ला त्याच शर्यतीत पाचवी आलेली मोटार फोर्ड टीवर उभारलेली होती, तिच्या इंजिनाचं हेड मात्र शेवरलेट बंधूंनी बनवलेलं, ‘फ्रंटेनॅक’ नावाचं. अशा मोटारीला एकच नाव लावशील, तर अर्धी माहिती जाईल.

आणि फोटोच्या पाठीवर बॉलपेननं कधी लिहू नकोस, दुसऱ्या बाजूला उमटतं. मऊ पेन्सिल घे, हात हलका ठेव. कुणी काय सांगितलं, तुला स्वतःला काय दिसलं, दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिही, आणि खाली तारीख घाल.