पाय मोडला असताना वजन कसे आवरावे?



धर्मापुरी भागात पाय मोडून घरी बसलेला ऊसतोड कामगार पाहतो, तेव्हा दिसते की त्याची भाकरी फडात होती तेवढीच आहे. मग वजन वाढते आणि कुबडीवर उभे राहणे जड जाते.

त्याला मी सांगतो: भाकरी, भात, साखर कमी कर, डाळ, अंडी, दूध कमी करू नकोस, हाड त्यावरच भरते. उपाशी राहू नकोस. डॉक्टरांना विचारून बसल्या जागी हातांचा व्यायाम कर.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचारासाठी पोहू लागले; १९७२ मध्ये त्यांनी पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले.

आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटांऐवजी अंडी न्या आणि व्यायाम होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.