संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण

नाशिक जिल्ह्यातील ज्या द्राक्ष उत्पादक संस्था संकेतस्थळावरून मालविक्री करतात, त्यांनी हे ध्यानी ठेवावे की, संकेतस्थळाचे नाव कायमचे मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदले जाते. २०१४ पासून ‘.भारत’ हे अंत्यपद लावून देवनागरीतही नाव नोंदविता येते. नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नावे नसावी. नोंदणीतील ई-मेल चालू असावा, कारण मुदतीची सूचना तेथेच येते. मुदत टळल्यास संकेतस्थळ बंद पडते. सवलतीचा काळही उलटल्यास ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि जुने ग्राहक त्याच्या दारी जातात. यास्तव दरवर्षी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीवेळी मुदत तपासावी. ती वर्षाच्या आत संपत असल्यास तेव्हाच शुल्क भरावे. उरलेली मुदत वाया जात नाही.